टॅकोमाचे पुढचे कॉइलओव्हर निवडताना: आधी वजनकाटा, मग ब्रँड

"फॉक्स घेऊ, किंग घेऊ, की बिलस्टाइनवर भागेल?"

उचललेली, म्हणजे सस्पेन्शन बदलून उंच केलेली, टोयोटाची टॅकोमा पिकअप सेकंडहँड घेतली की महिन्याभरात शॉकच्या ब्रँडचा हा प्रश्न येतोच. गेल्या वर्षी तो माझ्या धाकट्या दिराने डेन्व्हरहून फोन करून विचारला. मी म्हटलं, "निखिल, पुढच्या अ‍ॅक्सलवर वजन किती आहे?" तो म्हणाला, "वहिनी, मी शॉकचं विचारतोय." मीही शॉकचंच बोलत होते.

कॉइलओव्हर म्हणजे शॉक आणि त्याच्याभोवती चढवलेली स्प्रिंग, दोन्ही मिळून एक नग. टॅकोमाला पुढच्या दोन्ही चाकांना असा एकेक नग असतो; मागे (२०२३पर्यंतच्या गाड्यांत) साधे पाटे. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉक वजन पेलत नाही, तो स्प्रिंगची उडी आवरतो. जाहिरातीत चमकतो तो शॉक, स्टिकर मिळतो तो शॉकचा, आणि स्प्रिंग आपली साडीवरच्या ब्लाउजपीससारखी सोबत येते. पण गाडी किती उंच उभी राहणार, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी) लावल्यावर नाक किती खाली जाणार, खड्ड्यात बूड आपटणार की नाही, हे बरंचसं त्या स्प्रिंगवर ठरतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: वजन, मग स्प्रिंग, मग उंची, आणि शॉक कोणाचा हे सगळ्यात शेवटी.

मी राहते ग्रँड जंक्शनला, कोलोरॅडोच्या पश्चिम टोकाला. युटातलं मोआब इथून दोन तासांच्या आत, ऊरे आणि सिल्व्हरटनचे घाट दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर. माझी गाडी तिसऱ्या पिढीची, म्हणजे २०१६ ते २०२३मधली, डबल कॅब, व्ही-सिक्स, फोर बाय फोर, टायर २८५/७०/१७. पुढे जे लिहिलंय ते या गाडीला धरून. दुसऱ्या पिढीची टॅकोमा आणि पाचव्या पिढीची फोररनर यांची पुढची रचना याच वळणाची आहे, पण पार्ट नंबर आपापल्या गाडीचा बघूनच मागवायचा.

आधी खरंच गेलाय का ते बघा

पुढून खटखट आवाज आला की लोक थेट कॉइलओव्हर शोधायला लागतात. तो आवाज पुष्कळदा स्वे बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंकचा, खालच्या बॉल जॉइंटचा (चाकाच्या गोल सांध्याचा) किंवा कंट्रोल आर्मच्या, म्हणजे चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या हाताच्या, रबरी बुशिंगचा असतो. जॅक लावून चाक उचला, वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे हलवा. खेळ जाणवला तर तो आधी काढा. नाहीतर दोन हजार डॉलर खर्चून आवाज तसाच राहील.

शॉकच्या अंगावर पातळ तेलकट धूळ असेल तर घाबरायचं कारण नाही. तेल ओघळून खालच्या कंट्रोल आर्मपर्यंत आलं असेल तर मात्र सील गेलं. आणखी एक तपासणी मला फार आवडते. फ्रूटा गावाच्या उत्तरेला एटीन रोड नावाचा कच्चा रस्ता वाळवंटात शिरतो. त्याचे काही तुकडे पन्हाळी पत्र्यासारखे असतात. तिथे पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने जायचं, थांबायचं, आणि इन्फ्रारेड थर्मामीटर दोन्ही शॉकच्या नळीवर धरायचा. शॉकचं कामच हालचालीची उष्णता करायची. दोन्ही सारखे तापले तर दोन्ही राबतायत. एक तापला आणि दुसरा तुलनेत गारच राहिला, तर तो गार शॉक नुसता प्रवासी म्हणून बसलाय. हात लावून बघू नका, चांगला चटका बसतो.

निखिलच्या गाडीत वेगळीच कथा होती. आधीच्या मालकाने कंपनीचेच मूळ, थकलेले कॉइलओव्हर ठेवून त्यांच्या डोक्यावर स्पेसर (जाड चकत्या) ठोकले होते. दिसायला गाडी अडीच इंच उंच. पण वरचा स्पेसर सगळा नग खाली ढकलतो. त्यामुळे चाक लटकताना बॉल जॉइंट आणि सीव्ही (चाकाकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याचे सांधे) कंपनीने ठरवलेल्या कोनाच्या पुढे जातात, आणि चाक वर दाबलं जाताना फ्रेमचा बंप स्टॉप (रबरी अडसर) लागायच्या आधी शॉकच आतून तळाला आपटायची भीती असते. शहरात चालवायला हे चालून जातं. दगडात नाही. सेकंडहँड उचललेली गाडी बघायला गेलात तर पुढच्या चाकाच्या खोबणीत टॉर्च मारून वरच्या तीन बोल्टांपाशी जाडसर चकती दिसते का ते बघा. विकणारा "फुल सस्पेन्शन लिफ्ट" म्हणत असतो आणि आत शे-दीडशे डॉलरच्या चकत्या असतात.

वजनकाटा

आय-७० हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचा काटा असतो. अठरा चाकी ट्रकांसाठी आहे म्हणून लाजायचं नाही, पिकअपही तोलून देतात. काट्याला वेगवेगळ्या पाट्या असतात. पुढची चाकं पहिल्या पाटीवर आणि मागची दुसऱ्या पाटीवर येतील अशी गाडी उभी करायची, इंटरकॉमचं बटण दाबायचं (ते ट्रक ड्रायव्हरच्या उंचीला असतं, आपल्याला खिडकीतून अर्धं बाहेर यावं लागतं), खासगी गाडी आहे म्हणून सांगायचं आणि आत जाऊन पावती घ्यायची. पावतीवर स्टीअर अ‍ॅक्सल, ड्राइव्ह अ‍ॅक्सल आणि एकूण असे वेगळे आकडे येतात. आपल्याला हवा तो पहिला. त्याच काट्यावर चोवीस तासांत परत तोललं तर कमी पैसे पडतात, म्हणून एकदा रिकामी आणि एकदा कॅम्पिंगच्या सगळ्या लवाजम्यासकट तोलून घ्यावी.

तोलताना टाकी भरलेली हवी, नेहमी बसणारी माणसं बसलेली हवीत, विंच, स्किड प्लेट (पोटाखालचा संरक्षक पत्रा), छतावरचा तंबू, जे कायम असतं ते सगळं हवं. मिळालेला आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी ताडून बघा. तिथे पुढच्या अ‍ॅक्सलची मर्यादा छापलेली असते. जाड स्प्रिंग टाकली म्हणून ती मर्यादा वाढत नाही. ब्रेक, बेअरिंग, बॉल जॉइंट सगळे जुनेच राहतात. निखिलच्या गाडीला लोखंडी बंपर आणि विंच होती. पुढचं वजन मर्यादेत बसलं, पण फार जागा उरली नव्हती. तिथल्या तिथे त्याचा इंजिनखालच्या जाड लोखंडी स्किड प्लेटचा बेत अ‍ॅल्युमिनियमवर आला.

स्प्रिंग: इथे वेळ घालवा

स्प्रिंगची ताकद पौंड प्रति इंच अशी सांगतात. ६००ची स्प्रिंग म्हणजे एक इंच दाबायला ६०० पौंड लागतात. टॅकोमाच्या अडीच इंच व्यासाच्या आफ्टरमार्केट (बाहेरच्या कंपन्यांच्या) कॉइलओव्हरना साधारण ६००, ६५० आणि ७०० असे पर्याय मिळतात. स्प्रिंगवर छापलेला आकडाही वाचता येतो: १४००.३००.०६०० असं असेल तर लांबी १४ इंच, आतला व्यास ३ इंच, ताकद ६००.

आता खरी गंमत. कॉइलओव्हर चाकाशी बसत नाही, खालच्या कंट्रोल आर्मच्या साधारण मध्यावर बसतो. म्हणजे चाक दोन इंच वर गेलं तर स्प्रिंग एकच इंच दबते. अंतर निम्मं झालं आणि बळही निम्मंच पोचलं, म्हणून चाकाशी स्प्रिंगची ताकद जवळपास चौथा हिस्सा उरते. ६००ची स्प्रिंग चाकाला दीडशेची वाटते.

हे कळलं की हिशेब कागदावर करता येतो. लोखंडी बंपर आणि विंच मिळून, काढलेल्या मूळ सामानाचं वजन वजा जाता, २०० पौंड वाढले असं धरा. हे वजन अ‍ॅक्सलच्या पुढे साधारण तीन फुटांवर लटकतं. डबल कॅब छोट्या बेडच्या (मागच्या हौद्याच्या) गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १२७.४ इंच. टोकावर वजन पडलं की मागचा अ‍ॅक्सल किंचित हलका होतो आणि पुढच्यावर २०० नव्हे, अडीचशेच्या वर येतात. एका बाजूला सव्वाशे. चाकाशी ताकद दीडशे, म्हणजे गाडी पाऊण इंचाच्या वर खाली बसणार. तीन इंच उंचीचे पैसे मोजून सव्वादोन हातात. याच जागी ६५०ची स्प्रिंग घेतली तर बसणं थोडं कमी होतं, आणि मुख्य म्हणजे ब्रेक मारल्यावर नाक तेवढं खाली जात नाही.

उलटही होतं. कंपनीचा प्लॅस्टिक बंपर, विंच नाही, पुढेमागे लावू म्हणून आत्ताच ७००ची स्प्रिंग. अशी गाडी प्रत्येक भेगेवर उडते आणि मग मालक शॉकला शिव्या देतो. बंपर जेव्हा येईल तेव्हा स्प्रिंग बदला. स्प्रिंगची जोडी शॉकच्या मानाने स्वस्त असते. वर्षभरात नक्की लावणार असाल आणि बंपरची ऑर्डर गेली असेल, तरच त्या वजनाची स्प्रिंग आधी घ्यावी.

काही कंपन्या हा आकडा तुमच्यापुढे आणतच नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचा ओल्ड मॅन एमू हा ब्रँड त्याच गाडीसाठी वजनानुसार वेगवेगळ्या नंबरच्या स्प्रिंगा देतो: मूळ बंपर, बंपर आणि विंच, त्याहून जड. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते. जिथे "सर्व टॅकोमांसाठी एकच किट" लिहिलेलं असतं तिथे फोन करून स्प्रिंगची ताकद विचारा. सांगता आली नाही तर दुसरं दुकान बघा.

उंची, आणि कॉलर फिरवायचा मोह

उंची जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज आकडा बिघडवते. चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या (मडगार्डच्या) कडेपर्यंत टेप धरा. चारही चाकांचे आकडे लिहून ठेवा. जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी खोटी उंच दिसते, म्हणून एक फेरी मारून, सपाट जागी उभी करून मगच मोजायचं. टॅकोमा बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या बाजूला थोडी झुकलेली सापडेल. इथले लोक त्याला चेष्टेने टॅको लीन म्हणतात. डाव्या कॉइलओव्हरच्या डोक्यावर पाव इंचाची चकती घातली की चाकाशी साधारण अर्धा इंच मिळतो आणि गाडी सरळ दिसते. पाव इंचाचा स्पेसर म्हणजे वर सांगितलेलं स्पेसर लिफ्ट नव्हे. एवढ्याने काही बिघडत नाही.

कॉलर, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाशी आट्यांवर फिरणारी कडी, असलेल्या कॉइलओव्हरमध्ये ही चकती लागत नाही. कॉलर फिरवून स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवायची, याला प्रीलोड म्हणतात. आणि इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. कॉलर चढवली की स्प्रिंग कडक होते असं लोक मानतात. होत नाही. ६००ची स्प्रिंग ६००चीच राहते. गाडीचं वजन तेवढंच, म्हणून गाडी उभी असताना स्प्रिंग आधी होती तितकीच दबलेली असते. बदलते ती शॉकच्या दांड्याची जागा: तो आता जास्त बाहेर असतो. म्हणजे चाकाला वर जायला जागा वाढली आणि खाली लटकायला कमी झाली.

खाली लटकण्याची ही जागा, ड्रूप, उंचीच्या नादात पहिली बळी जाते. चाक खड्ड्यात उतरतं, दांडा टोकाला पोचतो आणि ठक्क असा लोखंडी आवाज येतो. मालकाला वाटतं शॉक वाईट निघाला. खरं तर स्प्रिंग हलकी होती आणि उंची गाठायला कॉलर शेवटपर्यंत चढवली होती. गाडी उभी असताना शॉकच्या एकूण चालीतला निदान तिसरा हिस्सा ड्रूपसाठी शिल्लक असावा, असा माझा आग्रह असतो. कॉलर दुकानदाराने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत नेऊनही हवी ती उंची येत नसेल तर स्प्रिंग बदला. कॉलरचा पाना खाली ठेवा.

बिलस्टाइनच्या ५१००मध्ये कॉलर नसते, नळीवर खाचा असतात आणि त्यात सर्कलिप (खाचेत बसणारी कडी) बसवून उंची ठरते. तत्त्व तेच. मूळ स्प्रिंग ठेवून सगळ्यात वरची खाच वापरली की गाडी अडीच इंच उचलली जाते खरी, पण ड्रूप खाऊनच. मी ५१०० कोणाला सुचवला तर मधल्या खाचेवर थांबायला सांगते.

किती उंच? या पुढच्या सस्पेन्शनला अडीच ते तीन इंच ही शेवटची हद्द आहे. त्यापुढे सीव्हीचा कोन इतका वाढतो की रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात, बूट फाटतो आणि ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडतं. मी अडीचवर आहे. २८५/७०/१७ हा टायर जवळपास ३२.७ इंचांचा, तो अडीच इंचांत बसतो. चाक वळवून दाबलं गेलं की मागच्या बाजूला कॅब माउंटला (केबिन फ्रेमवर बसते त्या आधाराला) घासतो, पण ते उंची वाढवून सुटत नाही. पूर्ण दाबलेलं चाक लिफ्ट असो नसो त्याच जागी पोचतं. तिथे कॅब माउंट कापून वेल्ड करावा लागतो, नाहीतर टायर लहान घ्यावा लागतो.

आता शॉक

इथवर आलात तर निम्मे पर्याय आपोआप गळलेले असतात.

ट्विन ट्यूब म्हणजे नळीत नळी. स्वस्त, मऊ, आणि बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा आला तरी आतलं पिस्टन चालत राहतं. ओल्ड मॅन एमूचा नायट्रोचार्जर यातला. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, तिच्यात तेल, आणि तरंगत्या पिस्टनच्या पलीकडे दाबाखालचा नायट्रोजन. तेल थेट बाहेरच्या भिंतीला लागून असतं म्हणून लवकर निवतं आणि त्याला फेस येत नाही. ही कल्पना फ्रेंच संशोधक द कार्बाँ यांची, बिलस्टाइनने ती १९५७ साली मर्सिडीजच्या गाड्यांत आणली. आज ५१०० हा ४६ मिलिमीटर पिस्टनचा मोनोट्यूब आहे आणि ६११२ हा ६० मिलिमीटरचा, सोबत स्वतःची स्प्रिंग घेऊन येणारा. मोठं पिस्टन, जास्त तेल, म्हणून तापायला वेळ लागतो. पैशाच्या मानाने ६११२ मला आजही उत्तम वाटतो, फक्त बिलस्टाइनचं डायग्रेसिव्ह वळण पटलं पाहिजे: हळू हालचालीत घट्ट, मोठ्या दणक्यात सैल. हायवेवर, वळणावर गाडी नीट बसलेली वाटते. बारीक खडीवर थोडी खरखर जाणवते. माझ्या नवऱ्याला ती खरखर अजिबात सहन होत नाही, मला चालते.

किंग, फॉक्स, आयकॉन यांचे २.५ म्हणजे नळीचा व्यास अडीच इंच. यांना वेगळी टाकी, रिझर्व्हॉयर, लावून मिळते. तिच्यात जादा तेल आणि नायट्रोजन राहतो. ही टाकी कोणाला लागते? जो तासन् तास पन्हाळी रस्त्यावर वेगात जातो त्याला. कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानातल्या व्हाइट रिमसारख्या शंभर मैलांच्या रस्त्यावर शॉक सबंध दिवस राबतो. तापलेलं तेल पातळ होतं, शॉक ढिला पडतो, गाडी तरंगायला लागते. तिथे रिझर्व्हॉयरचे पैसे वसूल होतात. दगडांतून ताशी पाच मैलांनी चढणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. इमोजीन पास या घाटात, १३,००० फुटांच्या वर, माणसं चालण्याच्या वेगाने जातात. तिथे शॉक कोमट सुद्धा होत नाही. तिथे ड्रूप आणि स्प्रिंग महत्त्वाची.

दाबाचे नॉब असलेले शॉक घ्यायचे असतील तर घ्या, पण नॉब चुकीची स्प्रिंग सुधारत नाही. शॉकच्या आतलं व्हॅल्व्हिंग (तेल अडवणाऱ्या झडपांची मांडणी) स्प्रिंगशी जुळलेलं असावं लागतं. जड स्प्रिंग आणि हलका रिबाउंड (स्प्रिंग परत उघडताना शॉक घालतो तो आवर) अशी जोडी पडली की गाडी एका उंचवट्यानंतर दोन-तीनदा मान डोलावते. म्हणून स्प्रिंग एकीकडून आणि शॉक दुसरीकडून जमवण्यापेक्षा एकाच ठिकाणी वजन सांगून पूर्ण नग मागवावा.

कोलोरॅडोत हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात. ते कॉलरच्या आट्यांत शिरलं की वसंतात कॉलर हलत नाही. रेस वळणाच्या कॉइलओव्हरना टोकाच्या कडीत रबरी बुशिंगऐवजी स्फेरिकल बेअरिंग असतं. ते नेमकं चालतं, पण मीठ आणि रेती खाऊन आवाज करायला लागतं. रोज ऑफिसला न्यायची गाडी असेल तर रबर बरं. आणि उघडून दुरुस्त होणारा शॉक घेतला तर जवळ कोण सील बदलून नायट्रोजन भरून देतं ते आधीच विचारून ठेवा, नाहीतर पार्सल करून पाठवायचं आणि गाडी तोवर जॅकस्टँडवर.

बजेट अगदी कमी असेल आणि बंपर-विंच नसेल तर एक वाट आहे. २०१७ ते २०२३च्या टीआरडी प्रो (टोयोटाची ऑफरोड आवृत्ती) टॅकोमाला पुढे कारखान्यातूनच अडीच इंची फॉक्स यायचे, साधारण एक इंच उंचीसह. नवी गाडी घेऊन लगेच मोठा लिफ्ट लावणारे हौशी लोक ते काढून विकायचे. विकत घेताना दांड्यावर बोट फिरवा; खड्डा किंवा ओरखडा लागला तर सोडून द्या, तो सील खाणार.

निखिलने शेवटी फॉक्सही घेतला नाही आणि किंगही नाही. रोज डेन्व्हरच्या ट्रॅफिकमध्ये जाणारी गाडी, पुढे बंपर आणि विंच, डोंगर शनिवार-रविवारी. ओल्ड मॅन एमू, बंपर-विंचच्या वजनाची स्प्रिंग, उंची अडीच इंच. उरलेल्या पैशांत अपर कंट्रोल आर्म आले, ज्यांची त्याला खरी गरज होती.

सोबत काय लागतं

गाडी उचलली की कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि हायवेवर स्टीअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं. दोन इंचांपर्यंत मूळ आर्मवर अलाइनमेंट बहुधा जमतं. अडीच आणि त्यापुढे कॅमबोल्ट (अलाइनमेंट बदलायचे बोल्ट) टोकाला पोचले तरी कॅस्टर पुरत नाही, आणि जास्त ड्रूप देणाऱ्या कॉइलओव्हरवर मूळ अपर आर्म चाक लटकताना स्प्रिंगला टेकू शकतो. तेव्हा आफ्टरमार्केट अपर कंट्रोल आर्म घ्यावेच लागतात. अलाइनमेंट झाल्यावर छापील कागद मागा. कॅस्टर दोन्ही बाजूंना तीन अंशांच्या वर दिसला की मी समाधानी असते. "सगळं हिरवं आलंय" एवढ्यावर ऐकायचं नाही, कारण मशीनला गाडी उचलल्याचं ठाऊक नसतं आणि ती कंपनीच्या जुन्या हद्दीतच हिरवं दाखवते.

डिफरन्शियल (दोन्ही चाकांना शक्ती वाटणारी पेटी) खाली सरकवणाऱ्या किटवर मी अडीच इंचांपर्यंत पैसे घालवत नाही. सीव्हीचा कोन थोडाच सुधारतो आणि पोटाखालची जागा जाते. दुसऱ्या पिढीच्या टॅकोमात लिफ्टनंतर हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर पुढून थरथर आली तर ड्रायव्हर बाजूच्या नीडल बेअरिंगच्या जागी बुशिंग घालणं हा जास्त खात्रीचा इलाज.

पुढचं वाढलं की मागचे पाटे थकलेले आहेत हे अचानक दिसायला लागतं. मागे सामान भरल्यावर नाक वर जात असेल, समोरचे लोक हेडलाइट मारत असतील, तर पाट्यांचं बघा. तो वेगळा विषय आहे.

वॉरंटीची भीती घालणारे डीलर भेटतात. १९७५चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे: बाहेरचा पार्ट लावला एवढ्यावरून सगळी वॉरंटी नाकारता येत नाही, त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. सीव्ही किंवा बॉल जॉइंटसाठी मात्र भांडायला जाऊ नका.

बसवताना

नग जोडून मागवा. स्प्रिंग आणि शॉक सुटे घेऊन घरी भाड्याच्या कंप्रेसरने जोडायचा विचार सोडून द्या. दबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो, चेहरा जातो. आणि गाडीवर असताना वरचे तीन नट सोडायचे असतात, मधला मोठा नट नव्हे. तो मधला नट स्प्रिंगला आत धरून ठेवतो. हे ज्याला माहीत नाही त्याला पाना देऊ नका.

कंट्रोल आर्मचे रबरी बुशिंगवाले बोल्ट चाकं लटकत असताना नुसते हाताने लावा. गाडी चाकांवर उतरवून, हलवून-बसवून, मग टॉर्क रेंचने घट्ट करा. लटकत्या अवस्थेत घट्ट केलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी उंच दिसते ती वेगळीच. उतरवण्याआधी चाक पूर्ण लटकवून स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवा आणि ब्रेकचा पाइप, एबीएसची वायर कुठे ताणली जातेय का ते हात फिरवून बघा. अपर आर्म आणि स्प्रिंग यांच्यात बोट सरकलं पाहिजे.

दांडा दिसत असेल तर त्याच्यावर एक झिपटाय सैलसर बांधा आणि नळीला टेकवून ठेवा. पहिल्या कच्च्या रस्त्यावरून आल्यावर ती कुठवर सरकली ते बघितलं की शॉक किती चाल वापरतोय हे कळतं. दर फेरीला टोकाला जात असेल तर स्प्रिंग कमी पडतेय किंवा कम्प्रेशन (दबताना शॉक घालतो तो आवर) कमी आहे. मध्यातच थांबत असेल आणि गाडी कडक वाटत असेल तर स्प्रिंग जास्त झालीय.

नवी स्प्रिंग पहिल्या काहीशे मैलांत थोडी बसते. म्हणून पहिलं अलाइनमेंट लगेच, म्हणजे टायर खाल्ले जाऊ नयेत इतपत, आणि पक्कं अलाइनमेंट पाचशे मैलांनी. त्याच दिवशी वरचे तीन नट, खालचा बोल्ट आणि कॉलरचा लॉकस्क्रू पुन्हा तपासा, आणि फेंडरपर्यंतचे चार आकडे जुन्या आकड्यांशेजारी लिहा. दोन बाजूंत पाव इंचापेक्षा जास्त फरक पडला असेल तर कॉलर आत्ता फिरवा. अलाइनमेंट झाल्यावर फिरवली तर त्याचे पैसे पुन्हा भरावे लागतात.